पहाऱ्यावरचा घास

त्या रानात सगळे एकाच वेळी कधी जेवत नसत. सहाजण खाली पाचोळा उलथून किडे टिपायचे आणि सातवा बाभळीच्या शेंड्यावर उपाशी बसून आभाळ न्याहाळायचा. सातभाई पाखरांची ही रीत किती जुनी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाखरं मातकट, डोळे पांढुरके, चेहरा सदा रागावलेला, आणि कलकलाट म्हणाल तर सातजणांचा सत्तरांना पुरून उरेल एवढा. पण पहाऱ्याच्या बाबतीत कुणाची कुरकुर नसे.

पहारा बदलायची पद्धत ठरलेली होती. ज्याची पाळी येई तो एक चांगलीशी अळी घेऊन वर जायचा आणि पहारेकऱ्याला भरवायचा. घास गिळला की पहारा सुटला. मग गिळणारा खाली उतरायचा आणि भरवणारा वर बसायचा. आणखी एक नियम होता. वरून इशारा आला की मुकाट्यानं उडायचं, काय दिसलं असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे पहारेकऱ्यावर अविश्वास, आणि तसला अपमान त्या थव्यात कुणी कुणाचा केला नव्हता.

झिपरू आणि त्याचा पाठचा भाऊ भाना यांच्या पाळ्या एकामागोमाग येत. भाना मुलखाचा खोडकर. अळी आणून झिपरूच्या चोचीपुढे धरायची, त्यानं आ केला की मागे घ्यायची, हा त्याचा रोजचा खेळ. दोनदा असं झालं की अळी पायाखाली दाबून म्हणायचा, "डोळे मीट, आ कर." झिपरू चिडल्यासारखं करून डोळे मिटायचा, आणि मग घास मिळायचा. संध्याकाळी सगळे एका फांदीवर ओळीनं, एकमेकांना खेटून बसत, एकमेकांची मान खाजवत. मान खाजवून घेताना भाना सुखानं पाय सैल सोडायचा, आणि तो कलंडला की अख्खी ओळ कलंडायची. मग जो आरडाओरडा व्हायचा तो ऐकून ससेसुद्धा झुडपाबाहेर येऊन बघून जात. त्या दिवसांतलं ऊनही मऊ होतं, असं झिपरूला पुढे कायम वाटत राहिलं.

एके सकाळी भाना असाच वर आला. दोनदा चिडवून झालं. "डोळे मीट, आ कर," तो म्हणाला. झिपरूनं मिटले. घास जिभेवर आला, आणि कानाजवळून सपकन पंख गेले. फांदी जोरात हलली. त्यानं डोळे उघडले तेव्हा शिकरा पळसामागे वळत होता आणि फांदीवर भाना नव्हता. घास तोवर गिळून झाला होता.

तीन दिवस ते रान गप्प होतं. चौथ्या दिवशी भुकेनं सगळ्यांना खाली उतरवलं, आणि पहाऱ्याला आपण होऊन झिपरू गेला. मोजायला सहा, नावाला सातभाई, असा त्यांचा संसार पुन्हा सुरू झाला.

पण झिपरूचे इशारे थांबेनात. शेंग पडली, इशारा. ढगाची सावली गवतावरून सरकली, इशारा. एकदा तर पिवळ्या फुलपाखरासाठी सगळ्यांना काट्यांत शिरावं लागलं. दरवेळी तोंडातला किडा टाकून थवा उडायचा, आणि रीत ती रीत, कुणी काही विचारायचं नाही. संध्याकाळी चोचीनं पिसांतले काटे काढत बसायचं, इतकंच.

याहून अवघड गोष्ट वेगळीच होती. झिपरू घास घेईना. त्याच्याहून मोठा रावजी अळी घेऊन जायचा आणि चोच जवळ आणायचा. झिपरूच्या पापण्या आपोआप मिटू लागत आणि कानाजवळून ते पंख पुन्हा जात. तो तोंड फिरवायचा. घास गिळल्याशिवाय पहारा सुटत नाही, तेव्हा झिपरू वरच राहिला.

थव्यानं याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. काय ही निष्ठा, भावासाठी जन्माचा पहारा घेतला, असं सगळे म्हणू लागले. शिवाय आता कुणालाच पाळी नव्हती. शेजारच्या फांदीवर काळाभोर कोतवाल पक्षी बसायचा, तो सगळ्यांत जास्त वाखाणायचा. असा पहारेकरी आपल्या पाहण्यात नाही, म्हणायचा. त्याचं बरोबरच होतं म्हणा. थवा उडाला की उकरून ठेवलेले किडे त्याला आयते मिळत.

झिपरू सालीतल्या मुंग्या टिपून जगत होता, तेही नजर आभाळावर ठेवून. संध्याकाळी खालच्या फांदीवर ओळ बसे. तिथे जुन्या झिपरूच्या गोष्टी निघत. कसा हसायचा, भानाशी कसा भांडायचा, मातीत लोळताना त्याचं काय व्हायचं. मेलेल्याबद्दल बोलावं तसं बोलत, आणि वर सगळं ऐकू येई. झिपरूला राग येत नसे. त्यालाही त्या झिपरूची फार आठवण यायची. कुठे गेला असेल, भेटेल का, असं वाटून तो कासावीस व्हायचा.

एका दुपारी थव्यातली सगळ्यांत थोरली, आक्का, वर बघत होती. वाऱ्याची साधी झुळूक आली आणि झिपरू फांदीवरून घसरला. कसाबसा पंख मारून परत बसला. त्याच्या अंगात आता पिसांखेरीज फार काही उरलं नव्हतं. आक्काच्या काळजात लक्क झालं. असाच राहिला तर दोन-चार दिवसांत हा आपोआप खाली येईल, तिला कळलं. तेवढ्यात पान पडलं आणि त्यानं इशारा दिला. चारजण उडाले. आक्का रिकाम्या चोचीनं वर गेली.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

खाली काट्यांतून चौघांनी एकदम वर पाहिलं. असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"पान पडलं," झिपरू म्हणाला.

"आणि त्या दिवशी काय दिसलं होतं?"

झिपरू म्हणाला, "काहीच नाही. डोळे मिटले होते मी. तो म्हणाला मीट, म्हणून मिटले. आणि आक्का, घास गोड लागला मला. शिकरा त्याला नेत होता आणि माझ्या तोंडात गोड लागत होतं."

आक्काला रडू आलं. तिनं समजूत घातली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कोणत्या बाजूनं आला असेल?"

"पळसाच्या."

आक्का सरकली आणि पळसाकडे तोंड करून बसली.

"पण मागून आला तर?" झिपरू चाचरत म्हणाला.

हसण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलं नाही. तिनं रावजीला हाक मारली. तो येऊन झिपरूच्या पाठीला पाठ लावून बसला. मग डावी बाजू राहिली, मग उजवी, आणि प्रत्येक बाजूला एकेक जण येत गेला. सगळ्यांत शेवटी धाकटी सोनकी आली. येताना तिनं अळी आणली होती. ती त्याला भरवायला निघाली, पण आक्कानं मानेनं नको म्हटलं. सोनकीनं अळी झिपरूच्या पायाशी सालीवर ठेवली आणि ती वर आभाळाकडे बघत बसली.

"डोळे उघडेच ठेव," आक्का म्हणाली. "आणि खा."

खाली गाईच्या पायानं वारूळ फुटलं होतं. पांढरी वाळवी उघड्यावर वळवळत होती. वर्षाकाठी एखाद्या वेळी मिळणारी मेजवानी ती, कोतवाल एकटाच तिच्यावर ताव मारत होता. वर झिपरूनं घास उचलला. तो गिळायला त्याला फार वेळ लागला. तेवढा वेळ पाच पाखरं पाच दिशांना बघत राहिली, आणि एकानंही मान वळवली नाही.