तत्पर कडा

पहिल्या दिवशी ती भेग गवताच्या काडीहून रुंद नव्हती. पिसोरी उतारावर चरत होती. खाली तिची आई कपारीत झोपली होती. बरोबर त्या कपारीच्या डोक्यावर मातीत एक बारीक रेघ दिसली आणि पिसोरीने उचललेला खूर तसाच मागे घेतला. काल इथे रेघ नव्हती. की होती? पिसोरी म्हणजे हरणांतले सगळ्यांत लहान हरीण. पान पडले तरी ती दचकायची, त्यामुळे स्वतःच्या भीतीवर तिचा फारसा विश्वास नव्हता.

प्राण्यांच्या त्या राज्यात शंका मनात ठेवायची पद्धत नव्हती. शंका कड्याला विचारायची. दरीच्या टोकाला एक काळा, ताठ कडा होता. समोरच्या सपाट दगडावर उभे राहून मोठ्याने विचारायचे, की पुढचा श्वास घ्यायच्या आत उत्तर हजर. कड्याने कधी कुणाला ताटकळत ठेवले नव्हते. उत्तराचा अर्थ सांगायचे काम मुंगसाच्या घराण्याकडे होते, आणि एकदा अर्थ सांगून झाला की त्या विषयावर पुन्हा बोलणे म्हणजे कड्याचा अपमान.

पिसोरी दगडापाशी पोचली तेव्हा रानकोंबड्याची पाळी चालू होती.

"माझ्याहून देखणा कुणी आहे का?"

"कुणी आहे का... कुणी आहे का..." कडा म्हणाला.

"शोधलं त्याने," मुंगूस म्हणाले. "सापडला नाही."

कोंबडा तुरा सावरत गेला. पिसोरी दगडावर चढली. तिचा आवाज आधीच बारीक, त्यात कापत होता. "उतारावरची भेग वाढेल का?"

"वाढेल का... वाढेल का..."

"बघ," मुंगूस म्हणाले, "कडा स्वतःच काळजीत पडलाय. आता तू कशाला काळजी करतेस?"

हे ऐकून तिला खरोखर बरे वाटले. घरी जाताना तर ती थोडी उड्यासुद्धा मारत गेली.

तिसऱ्या दिवशी भेगेत तिचा खूर मावला. पाचव्या दिवशी वरून एक धोंडा सुटला आणि आईच्या पायावर आला. आई ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तू दचकू नकोस हं, बाळ." मोडलेला पाय अंगाखाली लपवून ती पडून राहिली. पिसोरीने तिला डोक्याने ढकलून पाहिले, मानेला धरून ओढून पाहिले. आई तसूभरही सरकेना. वरून माती चाळणीतून पडावी तशी पडत होती.

ती धावत दगडावर गेली. या वेळी पाळीसाठी थांबली नाही.

"आईला हलवायचंय! मदत करा!"

"मदत करा... मदत करा..."

सगळे चपापले. असे उत्तर कुणी ऐकले नव्हते. मुंगूस बराच वेळ मिशा चोळत राहिले.

"कडा आपल्याकडे मदत मागतोय," शेवटी ते म्हणाले. "इतकी वर्षं आपलं ऐकून ऐकून थकला असेल बिचारा."

मग मात्र राज्य हलले. साळिंदराने कंद आणले, माकडांनी करवंदे आणली, घोरपडमावशी तर दोन वेळा चढून कड्याच्या पायाशी फुले ठेवून आली. पिसोरी प्रत्येकाच्या वाटेत आडवी येत होती.

"मावशी, कड्याला नाही हो, आईला! तुम्ही पाठीवर घेतलंत तर..."

"उत्तर झाल्यावर बोलू नये, पोरी," मावशी हळूच म्हणाली. तिला वाईट वाटत होते, ते दिसत होते. "आणि तुझं काय, तू पान हललं तरी ओरडतेस."

पिसोरी शेवटचे एकदा दगडावर चढली. आता विचारायचे नाही, सांगायचेच, असे तिने ठरवले होते. "उतार खचतोय! इथून निघा!"

"निघा... निघा..."

"ऐकलंस?" मुंगूस म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडी माया होती. "हाक तुझी, उत्तरही तुलाच. कडा तुला निघायला सांगतोय."

सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली.

वाट एकच होती, खिंडीची. पलीकडे मोकळे माळरान. तिकडे कुणी जात नसे, कारण तिकडे हाक मारली तर परत येत नाही, तिकडचे सगळे बहिरे, असे म्हणत. पिसोरी खिंड ओलांडून उभी राहिली तेव्हा मागे काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिले नाही. पाहिले असते तर पाय पुढे पडले नसते.

माळावर दूरवर गवे बसले होते, काळ्या ढेकळांसारखे. ते ऐकतात की नाही, तिला कळेना.

"आईचा पाय मोडलाय! ती कपारीत अडकलीय, वरून उतार येतोय, मला एकटीला ती उचलवत नाही! कुणीतरी या!"

सवयीने ती स्वतःच्या आवाजाची वाट पाहू लागली. काहीच आले नाही. गवत हलले, थांबले. एक गवा रवंथ करत होता. त्याचा जबडा एकदा फिरला, पुन्हा फिरला. पिसोरीला वाटले, खरेच बहिरे आहेत. आईला एकटी सोडून आपण उगाच इथवर आलो.

गव्याचा जबडा फिरायचा थांबला.

"पाय कुठला?" त्याने विचारले. "पुढचा, का मागचा?"