मीठवालीचं गाऱ्हाणं

पूर्वी कधीतरी, राजे स्वतः लोकांची गाऱ्हाणी ऐकत असत, तेव्हाची ही गोष्ट.

ओढ्याकाठच्या एका गावात मुकुंद नावाचा वैद्य राहत होता. त्याच्या हाताला गुण होता. पण चारचौघांत बोलायला उभा राहिला, की नजर पायाच्या अंगठ्यावर खिळायची आणि आवाज घशातच विरायचा. त्याच गावात सगुणा मीठ विकायची. ती बोलू लागली, की पारावरची माणसं तंबाखू मळायची थांबत. मुकुंदला ते बघवत नसे.

एका वर्षी राजाच्या कापड रंगवायच्या रंगशाळेचं पाणी ओढ्यात सुटलं. ओढा निळा झाला, मुलं आजारी पडली. मुकुंद रात्रंदिवस राबला, तरी दोन लेकरं वाचली नाहीत. दरबारात कोणी जावं, हे ठरवायला गाव जमला. सगळ्यांनी एकच नाव घेतलं, ते सगुणाचं.

मुकुंदचा जळफळाट झाला. ‘औषधं मी द्यायची, आणि मान हिला?’

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या परसातल्या कुडाआड लपला. सगुणा आपल्या बहिऱ्या सासूला गाऱ्हाणं सांगत होती. म्हातारी म्हणायची, “नाही कळलं गं.” सगुणा शब्द कमी करायची, पुन्हा सांगायची. सातव्यांदा म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘एवढंच ना? हे मीही पाठ करीन,’ मुकुंद मनात म्हणाला. शेवटचं गाऱ्हाणं त्याने शब्दन् शब्द घोकलं आणि सगुणा पोचण्याआधीच दरबार गाठला.

“महाराज,” त्याने डोळे मिटून सुरुवात केली, “मी दारोदार मीठ विकते...”

दरबार खो खो हसला. मुकुंदला पुढचं काही आठवेना. तेवढ्यात दारातून सगुणा आत आली. दाराशीच तिने ते शब्द ऐकले होते आणि ओळखलेही होते. आता ही सगळ्यांसमोर आपली अब्रू काढणार, असं त्याला वाटलं.

सगुणाने हात जोडले. “महाराज, मी ऐकलेलं सांगणार होते. यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय.” मग ती मुकुंदकडे वळली. “वैद्यबुवा, दरबार राहू द्या. गेलेल्या दोन लेकरांतल्या त्या धाकट्या पोरीचं काय झालं, ते मला सांगा.”

मुकुंदने मान वर केली. “ती पाणी मागत होती,” तो म्हणाला. “घरात दुसरं पाणी नव्हतं. तिच्या आईने निळंच पाणी ओठांना लावलं. मी... मी तिला अडवू शकलो नाही.”

त्याचा आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. कोणी हसलं नाही. राजाने त्याच दिवशी रंगशाळा ओढ्यापासून दूर हलवण्याचा हुकूम दिला.

परतीच्या वाटेवर मुकुंद म्हणाला, “सगुणाबाई, तुमचे शब्द मी चोरले. तुमचा फार हेवा वाटायचा मला. खरं सांगतो, अजूनही थोडा वाटतो.”

“वाटू द्या,” सगुणा हसली. “पण पुढच्या खेपेला तुम्हीच बोला.”

पुढे तो बोलत राहिला. कधी अडखळला, पण लोक त्याचं ऐकू लागले.

तात्पर्य : वाहवा मिळवायला बोलणाऱ्याची जीभ अडखळते, समोरच्याला कळावं म्हणून बोलणाऱ्याला आपला आवाज सापडतो.