न धुतलेली गोधडी

"मग आता टाकायचं तरी काय राहिलं, महाराज?"

त्र्यंबकराव राऊतांनी एवढं विचारलं आणि खोकल्यानं त्यांना वाकवलं. भैरवगिरी गोसावी मठीच्या ओट्यावर बसून उबळ सरायची वाट पाहत राहिले.

खोकला जुना होता. मामलेदारकी केलेला माणूस, हुकूम सोडायची सवय. पण खोकला काही हुकूम ऐकेना. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी हातावर टोचून पाहिलं आणि सांगितलं, की बुरशीचं वावडं असू शकतं. ओलीत वाढते, डोळ्यांना दिसत नाही, श्वासाबरोबर आत जाते.

मग काय, रावसाहेबांनी बुरशीवर जप्तीच आणली. कुंड्या गेल्या, गालिचे गेले, जुनी पुस्तकं गेली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांना ओल असते म्हणून दार बंद झालं. लेक नातवंडांना घेऊन यायची म्हणाली, तर तिलाही नको म्हणाले. बायको आधीच देवाघरी गेली होती. आता त्या घरात बोलणारा एकटा खोकलाच होता.

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. तुम्ही भगवी घालून काय सोडलंत, मी त्याहून जास्त सोडलंय, असा एकूण सूर होता.

"खरं हाय," गोसावी म्हणाले. "माज्याकडं अजून तवा हाय, एक कुत्रं हाय... तुमच्याकडं तर कायच न्हाई."

त्र्यंबकराव सुखावले.

घट बसायला थोडेच दिवस उरले होते. खाली ओढ्यावर गावच्या बाया घरोघरच्या गोधड्या आपटत होत्या. वर्षाचं धुणं ते. दगडांवर, कुंपणांवर, जिथं जागा मिळेल तिथं गोधड्या वाळत होत्या.

"त्या पिशवीत काय हाय?"

त्र्यंबकरावांनी मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. अंथरूण आहे, म्हणाले, परक्या अंथरुणावर झोप येत नाही.

गोसाव्यांनी हात पुढं केला. हात तसाच राहिला...

बऱ्याच वेळानं पिशवी त्या हातात गेली.

आत जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली गोधडी होती. उलगडताच कोंदट वास आला. अस्तरभर काळे ठिपके पसरले होते. गोसावी ती घेऊन समोरच्या कुंपणाकडं चालू लागले. तिथं ऊन होतं.

"धुऊ नका," त्र्यंबकराव खोकत, धापा टाकत मागं आले. "उन्हातसुद्धा नको. वास जाईल."

"कुनाचा?"

"मालनचा... तिनं शिवलीय. ती गेल्यापासून पाणी लावलेलं नाही."

डॉक्टरांनी अंथरुणाचं विचारलं होतं, तेव्हा ते चक्क खोटं बोलले होते. श्वास गेला तरी चालेल, पण ही जाऊ नये, असंच त्यांना वाटत होतं. आणि त्या उन्हात त्यांना जितकं एकटं वाटलं, तितकं तिच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

गोसाव्यांनी गोधडी नाकाशी धरली. डोळे मिटून वास घेतला.

मग ती कुंपणावर पसरली. हलक्या हातानं तिच्या सुरकुत्या काढल्या. त्र्यंबकरावांना धरून सावलीत नेऊन बसवलं.

"रावसाहेब, तुमी हितं गप बसा," ते म्हणाले. "तिला जरा श्वास घेऊ द्या."