उद्याच्या खिचडीची चव

पूर्वी राजाला विषाची भीती, म्हणून त्याचं ताट आधी दुसराच कुणीतरी चाखायचा. आमच्या शाळेत पोरांची खिचडी आधी हेडसर चाखतात आणि वहीत सही ठोकतात. मला मात्र डाऊट होता. सरांच्या मिशीला कधी एक शीत चिकटलेलं दिसलं नाही.

परवा तपासणीला साहेब आले. एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अळणी!"

सर लगेच म्हणाले, "ही यमुनाबाई रोज अशीच करते, साहेब. काढूनच टाका तिला."

यमुनामावशींनी पदराला हात पुसून वही उघडली. "सर, रोज तर तुम्ही 'चव उत्तम' लिहिलंय. उद्याचंपण लिहून ठेवलंय. उद्याची खिचडी अजून पोत्यात आहे, ती कशी लागली?"

साहेबांनी ताटली सरांपुढे सरकवली. आम्ही सगळे मिशीकडे बघत बसलो.