निळ्या पट्ट्याचा वारसा

मध्य अमेरिकेतल्या एका चिमुकल्या देशाच्या घटनेत कलमच होतं, की राष्ट्राध्यक्ष एकदाच व्हायचं आणि मुदत संपली की निळा पट्टा स्वतःच्या हाताने पुढच्याच्या खांद्यावर घालून घरी जायचं. राष्ट्राध्यक्ष बेर्नाल्दोंना मात्र घरी जायचं नव्हतं. त्यांनी संसदेच्या सभापती रेमेदियोसबाईंना बोलावून फर्मावलं, "हे कलम उडवा. लोकांना मीच हवा आहे."

वाद घालून उपयोग नव्हता. बाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्हाला पट्टा कोणी घातला?"

"फाउस्तिनोंनी."

"ते निघाले तेव्हा लोक रस्त्यावर रडत होते. कलम आडवं आलं, म्हणून तर तुमचा नंबर लागला. आता ते उडालं, की फाउस्तिनोही उभे राहणार. सकाळीच फोन झाला. कॉफीचा मळा भावावर सोपवून निघालेत, तुमचे आभार मानायला."

बेर्नाल्दोंनी समोरचा पाण्याचा ग्लास रिकामा केला.

"त्यांना वाटेतूनच परत पाठवा," ते म्हणाले. "मी असेपर्यंत घटनेच्या केसालाही धक्का लागणार नाही."

बाई घरी आल्या, आणि मग कुठे त्यांनी फाउस्तिनोंना फोन लावला. "बऱ्याच दिवसांत बोलणं नाही," त्या म्हणाल्या. "यंदा कॉफी कशी आलीय?"