बिनहवेचं धुकं

“आत हवाच नाही, तर मग धुकं येतं कुठून, बाई?”

यशोधर मगदूमनं पुन्हा तेच विचारलं. टिपणीसबाईंनी भाताचं पातेलं शेगडीवर ठेवलं, वर ताटली झाकली आणि गॅस बारीक केला.

पन्हाळ्यावरचं हे लहानसं घर बाईंनी निवृत्तीनंतर घेतलं. त्याआधी सारा जन्म त्यांनी उपग्रहांच्या प्रयोगशाळेत काढला. वर पोकळीत उपग्रहाचं काय व्हायचंय ते आधी खालीच करून बघायचं, हे त्यांचं काम. भल्यामोठ्या लोखंडी पिंपात उपग्रह ठेवायचा, आतली हवा ओढून घ्यायची, एका अंगानं भाजायचा, दुसऱ्या अंगानं गोठवायचा. एवढं सोसून जगला, तर वर जगायची आशा.

यशोधर त्यांच्याच हाताखाली तयार झाला. आता तो स्वतः एका उपग्रहाचा प्रमुख होता. आणि प्रमुख झालाय हे त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं, काय सांगावं!

आज मात्र साहेबांचा चेहरा पार उतरला होता.

“कॅमेरा कसला आहे?” बाईंनी विचारलं.

“सह्याद्रीतले वणवे बघायचा. पेटल्या पेटल्या गावाला कळवायचं. उष्णता टिपणारा डोळा आहे, म्हणून त्याला बर्फाहून गार ठेवावं लागतं.”

“आणि पिंपात घातला की?”

“आंधळा होतो. भिंगावर साय धरते, मोतीबिंदूसारखी. पुसलं, पुन्हा आत घातलं, पुन्हा तेच. सोमवारी समिती बसतेय. तोवर कारण सापडलं नाही, तर कॅमेरा काढून उपग्रह तसाच वर सोडणार म्हणे. वणव्यात आमच्या मामाचा गोठा गुरांसकट जळाला, बाई. तेव्हापासून मी या डोळ्याच्या मागं आहे...”

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

“वास घेतलास?”

“बाई! आता त्याला यंत्रं आहेत.”

पण म्हणता म्हणता त्यालाच हसू आलं. ते दिवसच निराळे होते. नवं पोर कामावर आलं, की बाई त्याला सगळ्यांदेखत वायरी हुंगायला लावायच्या. रंग हुंग, टेप हुंग, रबराची चकती हुंग. ज्याला खाली वास, त्याची वर वाफ, असं त्यांचं म्हणणं. यशोधर पहिल्या दिवशी नवाकोरा शर्ट घालून आला होता, तर बाईंनी त्याचीसुद्धा बाही हुंगली होती आणि त्याला दाराबाहेर उभा केला होता. तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज त्या दाराबाहेर उभं राहायला तो आनंदानं गेला असता.

“तुमच्या हाताखाली शिकलोय,” तो ताठ होत म्हणाला. “एकूण एक वस्तू आधी पोकळीत भाजून घेतली. तिच्यातून निघायची ती वाफ निघून गेली, मगच आत बसवली. खंडेनवमीला पोरं हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, तर त्यांना दारातूनच हाकललं. म्हटलं, पूजा तुमच्या हत्यारांची करा, माझ्या उपग्रहाला बोट लावाल तर खबरदार! नारळ पार फाटकाबाहेर फोडायला लावला.”

“शाबास,” बाई म्हणाल्या. “आणि तू रे?”

“मी काय?”

बाईंनी फडक्यानं ताटली उचलली आणि त्याच्यासमोर उलटी धरली. आतल्या बाजूनं थेंब थेंब ओघळत होते.

“पाणी तर तळाशी होतं. इथं कुणी लावलं?”

“कुणी लावायला कशाला हवं? वाफ झाली, गार जागा सापडली, तिथं बसली.”

“तुझ्या उपग्रहात सगळ्यात गार काय?”

“...डोळा.”

“मग आत काहीतरी ओलं आहे, यशोधर. न भाजलेलं. पोरांना तू हात लावू दिला नाहीस. राहिलं कोण?”

शेगडीवर भात रटरटत होता.

यशोधरनं मान खाली घातली.

“तुम्ही निवृत्त झालात, त्या दिवशी तुमचा पांढरा कोट खुंटीवर राहिला होता. त्याच्या खिशावरची नावाची पट्टी मी उसवून घेतली. ‘कु. टिपणीस’. पाकिटात घेऊन फिरत होतो. उपग्रहाचं शेवटचं झाकण लावायच्या आधी सगळे जेवायला गेले होते... तेव्हा आतल्या बाजूनं चिकटवली.”

“कशानं?”

“चपलेला लावतात तो गोंद. टेबलावर होता.”

“अरे कर्मा! चपलेचा गोंद!”

“वाळला होता, बाई.”

“हवा असते तोवर सगळं वाळल्यासारखंच वाटतं. हुंगलास?”

“...नाही.”

“कारण शोधताना, इतक्या दिवसांत, एकदाही आठवली नाही ती पट्टी?”

“आठवायची. रोज आठवायची. पण ती वस्तू आहे असं मनातच आलं नाही कधी. ती म्हणजे... तुम्ही होता.”

बाई तिथंच पाटावर टेकल्या. प्रयोगशाळा सोडल्यापासून एक दिवस असा गेला नव्हता, की त्यांना त्या पिंपाची, पंपाच्या घरघरीची, पोरांच्या गलक्याची आठवण झाली नाही. आपल्याला तिकडे सगळे विसरले, हे त्यांनी मनाशी केव्हाच पक्कं करून टाकलं होतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, आणि ते लपवलंही नाही.

यशोधरला धीर आला. कारण सापडलं होतं, डोळा वाचला होता. लगेच अंगातला प्रमुख जागा झाला.

“आजच निघतो. झाकण उघडतो, पट्टी काढतो, गोंद खरवडून सगळं पुन्हा भाजतो. मग पट्टी स्वच्छ करून, तीही भाजून, आपल्या चांगल्या गोंदानं परत लावतो.”

“नको.”

“का नको? नियमात बसवून लावतो ना!”

“यशोधर...”

“नाही बाई, तुमचं नाव वर गेल्याशिवाय मी तो उपग्रह सोडायचा नाही. मग कुणी काही म्हणो.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे काठोकाठ भरले होते.

त्यांनी ताटली पदरानं कोरडी पुसली आणि त्याच्या हातात दिली.

“अरे, वणवे बघायला पाठवतोयस ना त्याला? मग माझ्याकडे काय बघायला लावतोस!”