अंगणातली चुन्याची रेघ

एका गावात एक अंगण होतं, अंगणाच्या मधोमध एक कडुलिंब होता, आणि त्या कडुलिंबावरून भांडणाऱ्या दोन शेजारणी होत्या.

उगवतीच्या घरात कुरडईवाली राहायची. तिच्या हाताला अशी चव की विचारू नका, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मावळतीच्या घरात यंदाच्या उन्हाळ्यात एक माळीण राहायला आली होती. ती येईपर्यंत सगळं अंगण कुरडईवालीचंच होतं. कुरडयांनी भरलेली बाज ती एकटीच उन्हामागून ओढत न्यायची. ओढताना चार-दोन कुरडया मोडायच्या, मग ती बाजेलाच चार शिव्या हासडायची.

माळिणीबरोबर तिच्या फुलांच्या टोपल्या आल्या. कुरडयांना ऊन हवं, फुलांना सावली हवी, आणि दोघींना सगळं अंगण हवं. रोज तोंडाला तोंड लागायचं.

त्यातच पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. पाटलीणबाईंनी कुरडया हिला सांगितल्या आणि गजरे तिला.

"कुरडया कडकडीत वाळलेल्या हव्यात हं," पाटलीणबाई म्हणाल्या. "ओल राहून आंबल्या तर भर पंगतीत आमची शोभा होईल. मग मात्र पुन्हा तुम्हाला सांगायची नाही मी."

कुरडईवालीचं पोट कुरडयांवरच चालायचं. पाटलांचं घर तुटलं की गावही तुटलं. तिच्या जिवाला घोर लागला. तिने तडक गावच्या कारभाऱ्यांना बोलावलं.

"आमचे हिस्से पाडून द्या, कारभारी. नाहीतर ही बया माझ्या कुरडया बुडवणार!"

कारभारी सकाळी सकाळी आले. कडुलिंबाची सावली मावळतीकडे माळिणीच्या दारापर्यंत पडली होती. उगवतीकडे कुरडईवालीच्या दारात लख्ख ऊन होतं. कारभाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला, चुना मागवला आणि झाडाच्या बुंध्यापासून दोन्ही बाजूंना सरळ रेघ मारली.

"इकडचं ऊन तुझं, तिकडची सावली तिची. रेघ कुणी ओलांडायची नाही!"

दोघी खूश झाल्या. कारभारी चहा पिऊन घरी गेले.

दुपार कलली आणि अंगणात एकच कल्ला झाला. कुरडयांवर गडद सावली पसरली होती आणि मोगऱ्याच्या कळ्या उन्हात माना टाकून पडल्या होत्या.

"माझं ऊन कुठं नेलंस गं?" कुरडईवाली कडाडली.

"आन् माझी सावली तुमच्या दारात कशी, आक्का?" माळीण म्हणाली. "दोरी लावून ओढलीत का काय?"

दोघींनी वाकून वाकून रेघ पाहिली. रेघ जिथल्या तिथे होती. ओलांडायची तर सोय नव्हती, कारण ती कुरडईवालीनेच हट्टाने मारून घेतलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुरडया तशाच ओलसर राहिल्या. आता उद्या वाळल्या नाहीत तर आंबणार, यात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी माळिणीने लग्नासाठी ताजी फुलं आणली. सकाळ बरी गेली, पण सूर्य वर चढू लागला तसा कुरडईवालीचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी तिने घरातून कुऱ्हाड काढली. झाडच नसलं तर सावली येईल कुठून?

माळिणीने धावत येऊन बुंध्याला मिठी मारली. "आधी मला तोडा, मग झाडाला हात लावा!"

"हो बाजूला!" कुरडईवाली म्हणाली. पण ऊन असं भाजत होतं की तिला भोवळच आली. "थांब जरा. टेकते इथं सावलीला, मग तोडते."

सावली तरी केवढी उरली होती! सगळी गोळा होऊन झाडाच्या पायाशी आलेली. दोघींना खांद्याला खांदा लावूनच बसावं लागलं. पायाशी गल्लीतला कुत्रा जीभ बाहेर काढून पडला होता. थोड्या वेळाने तो उठला, चुन्याच्या रेघेवरून खुशाल चालत कुरडईवालीच्या बाजूला हातभर सरकला आणि पुन्हा आडवा झाला.

कुरडईवाली त्याच्याकडे बघतच राहिली.

"अगं, हा सकाळी तुझ्या दारात होता ना?"

"होता की. सावली जाईल तिकडं तो जातो. सकाळी सूर्य तुमच्या अंगाला असतो. मधे झाड त्याचं ऊन अडवतं, म्हणून सावली माझ्याकडं. आता सूर्य डोक्यावर आलाय, म्हणून ती झाडाच्या पायाशी. मग तो माझ्या घरामागं कलला की..."

"की सावली माझ्या दारात, आणि ऊन तुझ्या!" कुरडईवाली ओरडली आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! एवढी वर्षं मी उन्हामागून बाज ओढतेय. हे तर माझ्या हातांनाही ठाऊक होतं! रेघ काय मारली, अक्कलच गहाण पडली."

आधी तिला लाज वाटली. मग असं हसू फुटलं की आवरेना. माळीणही हसली. कुत्र्याला काय वाटलं कोण जाणे, तोही भुंकायला लागला.

"ऊठ गं," कुरडईवाली म्हणाली. "धर बाज तिकडून."

दोघींनी बाज अलगद उचलली आणि माळिणीच्या दारातल्या उन्हात नेली. ऊन कललं तशा फुलांच्या टोपल्या कुरडईवालीच्या दारातल्या सावलीत आल्या. दोघी होत्या म्हणून एकही कुरडई मोडली नाही. ये-जा करताना चुन्याची रेघ पायाखाली पुसली गेली, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कुऱ्हाडीने त्या संध्याकाळी फक्त चुलीचं सरपण फोडलं.

लग्नाच्या पंगतीत कुरडया कुर्रकुर्र वाजल्या. नवरीच्या वेणीतला मोगरा मांडवभर घमघमला. पाटलीणबाईंनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षीच्या कुरडया सांगून टाकल्या. कारभाऱ्यांनी तिसरी कुरडई मोडता मोडता ऐटीत विचारलं, "मग, कसा झाला आमचा न्याय?"

"झकास झाला, कारभारी," अंबाड्यात माळिणीचा गजरा माळलेली कुरडईवाली म्हणाली. "फक्त दुपारपर्यंतच टिकला!"

तात्पर्य: ऊन-सावली कुणाच्या रेघेत राहत नाही, वेळेबरोबर आपण सरकावं आणि शेजाऱ्यालाही सरकू द्यावं, म्हणजे एकाच अंगणात दोन्ही दोघांना पुरतात.